शिवराक लिपस्टिक

फोंड्याच्या बाजारातील दुकानात ट्यूबलाइटखाली जी लिपस्टिक डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसली होती, ती घरी येऊन खिडकीतल्या उजेडात उघडली तेव्हा नुकत्याच खाणीतून काढलेल्या जांभ्या चिऱ्याच्या रंगाची निघाली. यात दुकानदाराची काही लबाडी नव्हती. ट्यूबलाइटच्या निळसर पांढऱ्या उजेडात तिच्यातील नारिंगी छटा दबून गेली होती आणि बाहेर आल्यावर ती पुन्हा वर आली, एवढेच. शिवाय मी रेघ ओढून पाहिली होती ती मनगटाच्या आतल्या, उजळ बाजूवर. ओठांची त्वचा इतकी पातळ असते की खालचे रक्त तिच्यातून दिसते, आणि म्हणून ओठांवर लावलेला कोणताही रंग कोऱ्या कागदावर नव्हे, तर आधीच रंगवलेल्या कागदावर पडत असतो. एकाच कांडीने ओठ रंगवलेल्या दोन सख्ख्या बहिणी दोन वेगळ्या दुकानांतून खरेदी करून आल्यासारख्या दिसतात, त्याचे कारण हेच. मनगटाऐवजी बोटाच्या टोकावर रंग पाहावा, कारण तिथली लाली ओठांच्या अधिक जवळची असते, आणि तोही दुकानाच्या दारापर्यंत येऊन पाहावा, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण बाहेर पाऊस कोसळत होता, दारात छत्र्यांची गर्दी होती आणि चवथ, म्हणजे आमची गणेश चतुर्थी, तीन आठवड्यांवर आली होती.

मी ती कांडी खिडकीत उलटसुलट फिरवून पाहत असताना आते मागून आली, चष्मा न लावताच तिने ती हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि विचारले, “ही शिवराक आहे ना गो?”

आमच्या गोव्यात शाकाहारी या शब्दाला शिवराक हा सुटसुटीत शब्द आहे आणि श्रावणात तो दिवसातून निदान चार वेळा उच्चारला जातो. महिनाभर घरात मासळी येत नाही. मासळीची विळी धुऊन-पुसून कोपऱ्यात उभी करून ठेवलेली असते. वयाची ऐंशी ओलांडलेल्या आतेने हा प्रश्न आजवर बिस्किटांना, टूथपेस्टला आणि एकदा डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूलच्या पारदर्शक टोपणालाही विचारलेला आहे, आणि त्या कॅप्सूलच्या बाबतीत तिची शंका रास्त होती. लिपस्टिकला मात्र तो प्रश्न विचारलेला मी प्रथमच ऐकला. मी आधी हसले, मग खोके उचलले आणि चष्मा लावला.

खाण्याच्या पदार्थांवर असते तशी शाकाहार-मांसाहाराची खूण सौंदर्यप्रसाधनांच्या काही खोक्यांवरही असते, हिरवा किंवा तपकिरी ठिपका. माझ्या खोक्यावर तो तिळाएवढा होता, आणि तपकिरी होता. घटकांच्या यादीत मधमाश्यांचे मेण होते आणि शेवटच्या ओळीत ‘सी. आय. ७५४७०’ हा आकडा होता. हा आकडा म्हणजे कार्माइन. निवडुंगाच्या पानांवर वाढणारे कोचिनील नावाचे बारीक कीटक, त्यांतही माद्या, वेचून वाळवतात आणि कुटतात. त्यांच्यातून जो किरमिजी रंग निघतो तो लिपस्टिकपासून गुलाबी दह्यापर्यंत अनेक ठिकाणी वापरला जातो. त्याचे सर्वांत मोठे उत्पादन दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात होते. पेरूतले किडे फोंड्यातल्या बाजारातून माझ्या टेबलावर येऊन बसले आहेत, हे आतेला कसे सांगावे याचा मी थोडा वेळ विचार केला आणि शेवटी सरळ सांगून टाकले. ती अजिबात दचकली नाही. तिने कांडी टेबलावर ठेवली, तीही टाकून दिल्यासारखी नव्हे, बाजूला काढून ठेवल्यासारखी. “मग चवथ होऊ दे,” एवढेच ती म्हणाली, आणि विषय संपला असे मला वाटले.

त्याच यादीत सर्वांत वर जे नाव होते, ते ऐकून मात्र तिचा चेहरा खुलला. ते नाव होते एरंडेल. ज्याच्या नुसत्या आठवणीने आमच्या पिढीच्या पोटात कळ येते, ते हे तेल घट्ट आणि चिकट असते, रंगाची पूड आपल्यात सारखी पसरवून धरते आणि सहजासहजी खवट होत नाही. म्हणून कांडीचा मोठा भाग बहुधा तेच व्यापते आणि मेण तिला उभे राहण्यापुरते आधार देते. मेणाचे आणि तेलाचे हे जमलेले लग्न मे महिन्याच्या उकाड्यात जरा डळमळते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पर्स विसरली की कांडीच्या अंगावर तेलाचे बारीक थेंब उभे राहतात. तिलाही घाम फुटतो म्हणायचे. मेण पूर्ण वितळायला साठ अंशांच्या वर तापमान लागते, पण कांडी वाकडी व्हायला तेवढेही लागत नाही.

आतेला एरंडेल आवडण्याचे कारण काजळ. आमच्या घरी काजळ विकत आणणे हे दूध विकत आणण्याइतकेच कमीपणाचे मानले जाई, आणि ते कुणी ‘करत’ नसत, ‘धरत’ असत. संध्याकाळी एरंडेलाची पणती लावायची, दोन बाजूंना दोन वाट्या ठेवून त्यांच्यावर तांब्याचे ताट असे पालथे घालायचे की ज्योत ताटाला लागावी पण गुदमरू नये, आणि रात्रभर तिच्या नादी लागायचे नाही. सकाळी ताटाच्या तळाशी मखमलीसारखी काजळी जमलेली असे. ती सुरीच्या पात्याने खरवडून लोण्याच्या धुतलेल्या तुपात खलायची आणि कापराचा कण घालून पितळी डबीत भरायची. ज्योत फार जवळ असेल तर काजळी तेलकट आणि जाडीभरडी उतरे, फार दूर असेल तर सकाळी ताटावर नुसती सावली सापडे. आतेचे ते अंतर कधी चुकत नसे. ती कुणाला ते मोजून दाखवू शकली नाही. वाट्या तेवढ्या ठरलेल्या होत्या.

पुढे कधीतरी मला कळले की अमेरिकेतल्या मेबेलिन या कंपनीचा जन्मही अशाच खटपटीतून झाला. मेबेल नावाची मुलगी व्हॅसलिनमध्ये कोळशाची पूड कालवून पापण्यांना लावत होती, ते पाहून तिच्या भावाने १९१५ साली धंदा सुरू केला आणि तिचे नाव व व्हॅसलिनचे शेपूट जोडून कंपनीचे बारसे केले, असे सांगतात. स्निग्ध पदार्थात काजळी. शिकागोत त्याची कंपनी झाली आणि आमच्याकडे ती पितळी डबीतच राहिली, याचे मला फारसे दुःख नाही, कारण डबीतले काजळ दुपारी बारापर्यंत गालावर उतरलेले असे, हेही खरे सांगितले पाहिजे. आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत ते बोटाने भरण्याची पद्धत डॉक्टर मंडळी मोडून काढू पाहतात, तेही योग्यच आहे. सुरम्याची गोष्ट तर वेगळीच, कारण तो पुष्कळदा शिशाच्या खनिजाची पूड असतो. चकाकतो फार सुंदर, पण ती चकाकी शिशाची.

काजळ उतरते का, याचे उत्तर आमच्या हवेत आहे. पेन्सिलीतले काजळही शेवटी मेण आणि तेलच असते. खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले काजळ पावसाला दाद देत नाही, पण आपल्या पापण्यांना सुटणाऱ्या तेलाला लगेच दाद देते, कारण तेल तेलात विरघळते. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, तो चेहऱ्यावर नुसता उभा राहतो, आणि काजळ त्याच्या आणि तेलाच्या सोबतीने खाली सरकते. म्हणून पापणी आधी कापसाने कोरडी करावी, तिच्यावर पावडरचा हलका हात फिरवावा आणि मगच पेन्सिल उचलावी. रात्री ते काढायलाही पुन्हा तेलच लागते. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठते, आणि थंडीतली एखादी पहाट सोडली तर आमच्या न्हाणीघरातली बाटली वर्षभर वाहती असते. मस्काऱ्याबद्दल मी बोलत नाही. पापण्यांना ब्रश लावताना माझे तोंड आपोआप उघडते, आणि उघड्या तोंडाने आरशात पाहण्याचे माझे वय राहिलेले नाही.

लायनरची रेघ मात्र मला शिकायची होती. पुण्याहून आलेल्या भाचीने मला खिडकीशी बसवले आणि सांगितले, “मावशी, पापणी ओढू नकोस. ओढलीस की रेघ सरळ येते आणि सोडलीस की तिला सुरकुत्या पडतात.” आरसा तिने समोर न धरता खाली, छातीपाशी धरायला लावला, म्हणजे नजर खाली राहते आणि पापणी आपोआप ताणली जाते. मग पापणीच्या मुळाशी तीन-चार ठिपके द्यायचे आणि ते जोडत जायचे. माझी डावी बाजू बऱ्यापैकी उतरली. उजवी बाजू बाहेरच्या कोपऱ्यापाशी वर उसळली आणि मी एका डोळ्याने घरातली व दुसऱ्या डोळ्याने नाटकातली दिसू लागले. दोन्ही सारख्या करण्याच्या प्रयत्नात रेघा जाड होत गेल्या, आणि अखेर भाचीने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी आमच्या गणपतीचे काम कुठवर आले ते पाहायला चित्रशाळेत गेलो. श्रावणाचे शेवटचे दिवस म्हणजे तिथे आखणीचे दिवस. चिकणमातीच्या मूर्ती रंगून ओळीने मांडलेल्या असतात, पितांबर पिवळे झालेले असते, हातांना मेंदीसारखी लाली आलेली असते, आणि डोळ्यांच्या जागा मात्र कोऱ्या असतात. दागिने, उंदीर, पाट हे सगळे घरातली मुलेही रंगवतात. डोळ्यांना हात लावतो तो म्हातारा मूर्तिकार. त्याने आम्हाला मानेनेच बसायला सांगितले आणि नातवाला पंखा बंद करायला लावला. उकाडा असह्य होता, पण त्या वाऱ्यात कुंचल्याचे टोक हलते. डाव्या हाताची मूठ त्याने मूर्तीच्या सोंडेपाशी, रंगाला न लागेल अशी टेकवली, उजवे मनगट त्या मुठीवर ठेवले आणि वरच्या पापणीची रेघ आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत एका श्वासात ओढली. त्यात ठिपके नव्हते, जोडणे नव्हते. मग त्याने त्याच मूर्तीचा दुसरा डोळा केला नाही. तो शेजारच्या मूर्तीकडे वळला, तिचा तोच डोळा आखला, मग तिसरीचा. ओळ संपल्यावर तो उलट्या दिशेने परत आला आणि सगळ्यांचे दुसरे डोळे करत गेला.

मी कारण विचारले. तो म्हणाला, “बाय, एका डोळ्यानंतर लगेच दुसरा करायला गेलं की हात पहिल्याची नक्कल करायला लागतो. नक्कल थरथरते.” बुबुळे भरून झाल्यावर त्याने प्रत्येकात पांढऱ्याचा एक ठिपका दिला आणि तेवढ्याने ती ओळ आमच्याकडे पाहू लागली. भाची परतीच्या वाटेवर बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी कोपर टेबलावर रोवले, करंगळी गालाला टेकवली, पंखा बंद केला, आणि डावा डोळा झाल्यावर उठून भाताला वाफ आली का ते पाहून आले. उजवा डोळा त्याच्याशी तंतोतंत जुळला असे म्हणणार नाही, पण दोन्ही एकाच बाईचे दिसत होते.

ओठांना एवढी साधना लागत नाही. ओठ रेखायचे नसतात, भरायचे असतात, आणि भरताना चुकले तर बोटाने पुसता येते. आमच्या घरच्या बायकांनी तर ते कधी हाताने भरलेच नाहीत. जेवणानंतरचा विडा ते काम करत असे. कुळागरातली, म्हणजे आमच्या बागायतीतली सुपारी, तिच्याच झाडावर चढवलेल्या वेलीचे पान, शिंपल्या भाजून केलेला चुना, आणि बाजारातून आणावा लागणारा तेवढा कात. चुन्याच्या संगतीने कात आणि सुपारी लाल होतात आणि तो लाल ओठांवर जाऊन बसतो, बाहेरून लावलेला नव्हे, आतून आलेला. आतेच्या आईचे ओठ मी फोटोत पाहिले आहेत. फोटो काळा-पांढरा आहे, तरी ते रंगलेले आहेत हे कळते.

लॅक्मेने १९५२ साली मुंबईत आपला कारभार सुरू केला तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. कंपनीचे नाव एका फ्रेंच ऑपेरातल्या नायिकेचे, म्हणजे फ्रेंचांच्या तोंडून आलेले आपल्या लक्ष्मीचेच. आतेच्या हाती पहिली लिपस्टिक आली ती १९६१ नंतर, मुंबईची वहिनी घरात आली तेव्हा. वहिनीने ती लपवून ठेवली होती आणि आतेने ती शोधून काढली होती, इतकेच ती सांगते. कुठे लावली, किती वेळा लावली, हे ती सांगत नाही.

यंदाची चवथ माझ्या रेखलेल्या डोळ्यांनी आणि कोऱ्या ओठांनी पार पडली. तपकिरी ठिपक्याची ती कांडी देवासमोर न्यावी असे मलाही वाटले नाही. आमचा गणपती दीड दिवसाचा. त्याला पोचवून आलो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दारात मासळीवालीची हाक आली. कोपऱ्यातली विळी बाहेर आली, बांगडे साफ झाले, नारळ वाटला गेला, आणि हुमण चुलीवर रटरटू लागले तेव्हा आते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“ती किड्यांची कांडी आण बघू,” ती म्हणाली.

मी तिला खिडकीशी बसवले. आरसा तिने घेतला नाही. कांडी सरळ ओठांवर न फिरवता तिने अनामिकेच्या टोकावर रंग घेतला, काजळ लावावे तसा, आणि ओठांवर थोपटून बसवला. दुकानातले डाळिंब आणि माझ्या खिडकीतला चिरा यांच्यामधला कुठलातरी रंग तिच्या ओठांवर आला, जो त्या खोक्यावर छापलेला नव्हता. भाचीने फोटो काढायला मोबाइल उचलला, पण आतेने तिला थांबवले, कारण पाने वाढली गेली होती. रंग टिकावा म्हणून ओठ कागदाने टिपावेत आणि वर पावडर लावावी, असे मी सांगत होते, ते तिने ऐकले नाही. ओल्या खोबऱ्याच्या हुमणापुढे मेणाची कुठलीच लिपस्टिक टिकत नाही, आणि आते भात नेहमीच हुमणात बुडवून जेवते. तिच्या वाटीच्या कडेला चिऱ्याच्या रंगाची एक अर्धगोल खूण उमटली होती, आणि ती ती वाटी पुन्हा माझ्यापुढे धरून म्हणत होती, “आणखी थोडं वाढ गो, नुसता रस.”