मधल्या कोरड्या वर्षांनंतर

नवऱ्याची बायपास झाली आणि आमच्यातले शरीरसंबंध थांबले. घरी सोडताना काय खायचं, किती चालायचं, कुठलं ओझं उचलायचं नाही, सगळं सांगितलं गेलं. हे तेवढं कोणी बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तो बरा होतोय तोवर माझी पाळी जायला लागली, झोपेचे तीन तेरा वाजले. बघता बघता काही वर्षं निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही, फक्त जवळ येणं नाही.

विषय काढणं सगळ्यात जड गेलं. शेवटी बोलले ती गाडीत. तो गाडी चालवत होता, दोघांचीही नजर रस्त्यावर. "आपण जवळ आलो त्याला किती दिवस झाले रे?" तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मला वाटलं तुला नकोसं झालंय." मला वाटत होतं, त्यालाच नकोय. असली बोलणी समोरासमोर बसून करायची म्हणतात. मला तरी नजर चुकवायची सोय फार उपयोगी पडली.

त्याला खरी भीती होती ती हृदयाची. त्याच्या डॉक्टरांनी ती दोन वाक्यांत संपवली: दोन जिने धाप न लागता, छातीत न दुखता चढता येतात ना, मग हरकत नाही. एक मात्र बजावून सांगितलं. ताठरतेसाठीची गोळी स्वतःच्या मनाने आणायची नाही. छातीतल्या दुखण्यावरचं नायट्रेटचं औषध चालू असताना ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि जिवावर बेतू शकतं.

माझं प्रकरण जरा लांबलं. पहिल्याच वेळी दुखलं, आणि नंतर लघवीलाही जळजळ. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून सांगितलं, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झालं की योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. अंगातून निघणाऱ्या वाफा पुढे बहुधा कमी होतात, हे मात्र आपोआप सुधारत नाही. आधी कधी स्तनाचा कर्करोग झालाय का, पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला का, हे विचारून त्यांनी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून दोनदा. फरक जाणवायला काही आठवडे लागतात, घाई करू नका, म्हणाल्या. शिवाय संबंधाच्या वेळी पाण्याचा बेस असलेलं जेल. घरातलं तेल नको. लेटेक्सचा कंडोम तेलाने कमकुवत होतो. हो, कंडोम! पन्नाशीनंतर पाळी थांबली तर शेवटच्या पाळीपासून वर्षभर गर्भनिरोधक लागतं, त्याआधी थांबली तर दोन वर्षं. या वयात दुकानात कंडोम मागताना नवऱ्याने सोबत खोकल्याचं औषधही घेतलं. खोकला कोणालाच नव्हता.

पण क्रीमने अस्तर सुधारलं तरी धास्ती जाईना. एकदा दुखलं की पुढच्या वेळी स्नायू आधीच आवळले जातात आणि मग आणखी दुखतं. त्यावर बाईंनी सुचवली 'सेन्सेट फोकस' पद्धत. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी ती १९७० साली मांडली. नियम साधा: काही दिवस संभोग बंद. आळीपाळीने एकमेकांना स्पर्श करायचा, स्तन आणि जननेंद्रियं वगळून. नको वाटलं तर तेवढंच सांगायचं.

पहिल्यांदा आम्ही नुसतेच हसत सुटलो. मग स्पर्श करायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मी त्याच्या छातीवरच्या व्रणावरून बोट फिरवलं. इतकी वर्षं मलम लावायला आणि नंतर शर्टाचं बटण लावून द्यायलाच तिथे हात गेला होता. वरचं टोक अजून बधिर आहे, खाली मात्र गुदगुल्या होतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे काही करायचंच नाही हे ठरलेलं असल्यामुळे अंग सैल पडलं. आणि गंमत म्हणजे इच्छा नंतर आली. मी तिची आधी वाट बघत बसले असते, तर अजून बसलेच असते.

बंदी उठवली ती मीच. जेल भरपूर, वर मी, म्हणजे वेग आणि खोली माझ्या हातात. थोडं ताणल्यासारखं झालं, दुखलं नाही.

क्रीम चालूच आहे, कारण ते सोडलं की कोरडेपणा परत येतो. पुढच्या तपासणीला नवराही यायचं म्हणतोय. बाईंना विचारायची त्याची स्वतःची यादी आहे म्हणे, आणि ती मला अजून दाखवलेली नाही.