भेंडीचं बी भिजवा, पण सुकवूनच टोका

मृगाचा पाऊस पडतो, भेंडी टोकली जाते (एकेक बी हाताने मातीत खोचतात) आणि मग आठ-पंधरा दिवस उघडीप. वरचा दोन बोटं मातीचा थर सुकतो आणि बी नेमकं त्याच थरात असतं. काही उगवतं, काही कुजतं, काही तसंच कडक राहतं. मग नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, पुन्हा बी लावून भरायच्या, आणि नांग्यांची झाडं मागे पडतात ती शेवटपर्यंत मागेच राहतात. कोरडवाहू भाजीपाल्यात हे नुकसान कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बी भिजवून पुन्हा सुकवणं. अडचण एवढीच की भिजवतात पुष्कळ जण, सुकवतात फार थोडे.

बी पाणी घेतं ते तीन टप्प्यांत. सुरुवातीला भराभर शोषून फुगतं. मग शोषण जवळजवळ थांबतं, पण आत विकरं (एन्झाइम) कामाला लागतात, साठवलेलं अन्न वापरात यायला लागतं. तिसऱ्या टप्प्यात मूळ बाहेर पडतं. दुसऱ्या टप्प्यातच बी सुकवलं, तर आतली बरीच तयारी टिकते आणि शेतात ओल मिळाली की उगवण लवकर आणि एकसारखी होते. ओल वरून खाली आटत जाते. मूळ तिच्याआधी खाली पोचलं तर रोप उघडिपीत तग धरतं. मात्र एकदा मूळ बाहेर आलं की ते बी सुकणं सोसत नाही. मोड आलेलं बी सुकवलं, किंवा कोरड्या मातीत टाकलं, तर ते गेलंच समजा.

१ किलो भेंडीच्या बियाण्याला २ लिटर स्वच्छ पाणी घ्या. तरंगणारं पोचट बी काढून टाका. साधं पाणी चालतं. कॅल्शियम क्लोराइड वापरायचं असेल तर लिटरला १० ग्रॅम, म्हणजे १ टक्का. ते विरघळताना पाणी तापतं, म्हणून द्रावण पूर्ण थंड झाल्यावरच बी टाका. हात सैल सोडून जास्त घालू नका, तीव्र द्रावणात बियाला पाणीच घेता येत नाही. प्लॅस्टिकची बादली वापरा आणि १२ तासांवर ठेवू नका. बी पाण्यातही श्वास घेतं; जास्त वेळ बुडून राहिलं की गुदमरतं, पाण्याला आंबूस वास येतो आणि उगवण उलट घटते.

आता खरं काम. बी निथळून, साध्या पाण्याने एकदा धुऊन, गोणपाटावर एकेरी थरात सावलीत पसरा. वारा हवा, ऊन नको. पत्र्यावर किंवा तापलेल्या सिमेंटवर तर मुळीच नको. दिवसातून तीन-चार वेळा हलवा. सुकलं की नाही हे हाताला नीट कळत नाही, वजनकाट्याला कळतं. भिजवण्याआधी १ किलो भरलेलं बी पुन्हा १ किलोच्या आसपास आलं की झालं. हवा दमट असेल तर दोन दिवसही लागतात. असं बी पुढच्या हंगामाला ठेवू नका, त्याचं साठवणीतलं आयुष्य घटतं. आठवड्याभरात टोकून मोकळे व्हा.

जैविक प्रक्रिया सुकल्यानंतर. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) किलोला ५ ग्रॅम आणि अॅझोटोबॅक्टर (नत्र मिळवून देणारे जिवाणू) २५ ग्रॅम, थोडंसं गुळाचं पाणी शिंपडून हलक्या हाताने चोळा, सावलीत अर्धा तास ठेवा आणि लगेच टोका. थायरम हे बुरशीनाशक लावणार असाल (किलोला ३ ग्रॅम) तर ट्रायकोडर्मा वगळा, कारण तीही बुरशीच आहे. थायरम आधी, ते सुकल्यावर जिवाणू, हा क्रम उलटा करू नका.

पाकिटातलं लाल, गुलाबी किंवा निळं बी मात्र भिजवू नका. त्यावर आधीच औषधाचा थर असतो. तो धुऊन जातो आणि ते पाणी विषारी होतं, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या वाटेत ओतण्यासारखं नसतं. हे सगळं घरच्या, औषध न लावलेल्या बियाण्यासाठी आहे.

घेवडा आणि चवळी यांना भिजवण्याच्या वाटेला नेऊ नये. पाणी झपाट्याने आत शिरतं, साल सुटते, डाळिंब्या तडकतात. त्यांना रायझोबियम (शेंगवर्गीय पिकांचे जिवाणू) किलोला २५ ग्रॅम पुरे. कारल्याचं कवच जाड, ते २४ तास भिजवून ओल्या फडक्यात बांधतात, पण ते ठिबक किंवा हमखास पाणी असेल तरच. टोमॅटो-मिरचीला या खटाटोपाचा फायदा कमी, कारण रोपवाटिकेत पाणी असतंच. तिथे पुनर्लागवडीआधी आठवडाभर पाणी कमी करून रोप काटक करणं जास्त कामाचं.

बी कितीही तयार केलं तरी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय टोकू नका. आणि ही प्रक्रिया उगवणीच्या वेळचा ताण सोसायला मदत करते; फुलं-फळं लागताना पाण्याची ओढ बसली तर एखादं संरक्षित, म्हणजे पीक वाचवण्यापुरतं, पाणी द्यावंच लागतं.