झोपलेल्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी

मे महिन्यातली दुपार, नागपुरातल्या धंतोलीतलं एक छोटं हॉस्पिटल. पेशंट काटोलकडच्या, 48 वर्षांच्या. गर्भाशयात मोठी गाठ, सोबत मधुमेह. एरवी अशा ऑपरेशनला मी कमरेतूनच भूल देते. पण त्यांच्या मणक्याचं जुनं ऑपरेशन झालेलं, म्हणून पूर्ण भूल ठरली. टेबलवर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “मॅडम, मले मधातच जाग तं नाही येनार ना?”

“नाही येणार, ताई. मी उशाशीच बसून आहे.”

वेदना दाबणारं फेंटानिल 100 मायक्रोग्रॅम, मग झोप आणणारं प्रोपोफॉल, घशात नळी, भुलेचा गॅस सुरू. आणि नेमकी कॉटरी, म्हणजे विजेने कापून रक्त थांबवणारं मशीन, चालेना. प्लेट बदलली, वायर बदलली. दुसरं मशीन येईपर्यंत अर्धा तास गेला. फेंटानिलच्या अशा एका डोसाचा जोर साधारण तेवढाच टिकतो. हे मला पाठ आहे. तरी मी दुसरा डोस दिला नाही, कारण मॉनिटरवर नाडी 74 होती, प्रेशर छान होतं. चूक माझीच.

चीर पडली आणि मिनिटभरात नाडी 126, प्रेशर 190 च्या वर. डाव्या पापणीवरची चिकटपट्टी एका कडेने सुटली होती. तिथून पाण्याचा बारीक ओघळ कानाकडे चालला होता. गॅस पुरेसा होता, त्यांना जाग नव्हती. पण शरीराला सुरी कळली होती. गॅस मेंदूला झोपवतो. कापलेल्या जागेचे निरोप मात्र मज्जारज्जूतून वर जातच राहतात. मग अ‍ॅड्रेनलिन सुटतं, कॉर्टिसॉल चढतं (दोन्ही स्ट्रेसची हार्मोन्स), यकृत रक्तात साखर सोडतं, इन्सुलिन मागे पडतं. फेंटानिलसारखं ओपिऑइड हे निरोप वाटेतच दाबतं.

फेंटानिलचं दुसरं अँप्यूल कुलपात, चावी सिस्टरकडे, सिस्टर खाली वॉर्डात. “सर, जरा हात थांबवा,” मी सर्जनना म्हटलं. ते लगेच थांबले. मी गॅस वाढवला. सहा मिनिटांनी अँप्यूल हातात आलं. ते दिल्यावर नाडी 88 वर उतरली. साखर नाही उतरली. सकाळी 138 होती, तासाभराने 214. सलाइन तर साधंच होतं, ग्लुकोजचं नव्हे. आधी दिलेलं फेंटानिल आणि नंतर दिलेलं फेंटानिल यांत हा फरक असतो.

त्या संध्याकाळी मला 1987 चा आनंद, सिपेल आणि एन्सली-ग्रीन या डॉक्टरांचा अभ्यास आठवत राहिला. हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधायचं ऑपरेशन झालेली, अपुऱ्या दिवसांची बाळं होती ती. काहींना नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू सैल करणारं औषध एवढंच, काहींना त्यासोबत फेंटानिल. फेंटानिल न मिळालेल्या बाळांमध्ये स्ट्रेसची हार्मोन्स जास्त चढली, ऑपरेशननंतरचा त्रासही जास्त झाला. त्या काळी इतक्या लहान बाळांना दुखतच नाही, असं समजणारे डॉक्टर होते. हालचाल नाही, रडणं नाही, म्हणून दुखणं नाही! मीही दुपारी 74 या आकड्याकडे बघून तेच केलं होतं.

रात्री नऊला त्यांना बघायला गेले. साखर 196, इन्सुलिन लिहून दिलं. त्या म्हणाल्या, “काहीच नाही समजलं, मॅडम.” बाहेर मुलगी उभी होती. तिला मी ओघळापासून चावीपर्यंत सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आईले नका सांगू. ती घाबरन.”

आता चीर देण्याआधी दुसरं अँप्यूल माझ्या ट्रेमध्ये असतं.