डिकीतली वळकटी

टॅक्सीत बसलेल्या ताई काही टाकून बोलल्या असत्या तर परवडलं असतं. उत्तर देऊन मोकळा झालो असतो. त्या मऊ आवाजात बोलल्या, तेच संध्याकाळपासून डोक्यात फिरतंय.

दादरहून विमानतळाचं भाडं, दोन मोठ्या बॅगा. सीएनजी गाडीच्या डिकीत 60 लिटरची टाकी आडवी, उरलेल्या बोळकांडीत माझी वळकटी. ती काढून पुढच्या सीटवर ठेवली तर उशीचं टोक बाहेर आलं. दाराच्या कप्प्यात ब्रश होताच. "दादा, इथंच झोपता का?" "कधीकधी," म्हटलं. मग कलानगर येईपर्यंत कुणीच बोललं नाही. उतरताना शंभराची नोट पुढे केली, "काहीतरी खाऊन घ्या."

मी जेवलो होतो.

राग आला असं नाही. पण डोळे भरून आले, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून बॅगा घाईघाईनं उतरवल्या.

पावसाळ्यात मन असंही हळवं होतं. काचा लावल्या तर आतून घामेजतात, उघड्या ठेवल्या तर डास आणि सरी. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, हे मी नव्या पोरांना हात जोडून सांगतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. मी दोन बोटं काच खाली घेतो, दारावर मच्छरदाणीचा तुकडा टाकून दार ओढून घेतो. सीट कितीही पाडली तरी कमरेखाली खड्डा राहतोच, तिथं कपड्यांची पिशवी. सकाळी पाय सुजलेले. आंघोळ सुलभमध्ये. खरी काळजी टॉवेलची. पहिल्या भाड्याआधी तो वाळला नाही तर गाडीभर कुबट वास, आणि तो वास मला सहन होत नाही. गॅसच्या रांगेत डुलकी लागते, पण नोझल लावताना सगळ्यांना खाली उतरावंच लागतं, 200 बारचा दाब असतो.

खोलीचं डिपॉझिट दिवाळीनंतर बघू. घरी काय सांगितलंय, ते इथं नको.

पुन्हा तेच. गाडीत झोपणारा म्हणजे उपाशी, हे त्यांनी कशावरून धरलं? दुपारी भाकरी-पिठलं पोटभर खाल्लं होतं मी. गाडीचे हप्ते वेळेवर जातात, पोरीची फी भरलीय. ह्यातलं वळकटीवर काय लिहिलेलं असतं?

त्यांचंही बरोबर असेल. आपल्या भावाची उशी अशी दिसली असती तर मीही विचारलंच असतं. आणि पहाटे चारच्या विमानतळाच्या भाड्याला कल्याणला घरी झोपणारा गडी अडीचला उठतो, मी सव्वातीनला. तेवढी झोप मला जास्त मिळते, ती मी सोडणार नाही.

नोटेचा गॅस भरला. उद्या चेनवाली रेक्झिनची बॅग बघतो, उशी तरी आत राहील.