जुंगचा जोडीदार

सोमवार

जेवणं झाल्यावर बीजिंग ऑलिंपिकचा बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना पुन्हा लावला. १७ ऑगस्ट २००८. दक्षिण कोरियाचा ली योंग-दे तेव्हा १९ वर्षांचा होता, वीस पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. जोडीला ली ह्यो-जंग, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी आणि चांगलीच उंच. समोर इंडोनेशियाचे नोवा विडियांतो आणि लिलियाना नात्सिर. २००५ आणि २००७ चे विश्वविजेते, त्यामुळे पारडं त्यांच्याकडे झुकलेलं. कोरियाने सामना २१-११, २१-१७ असा सरळ जिंकला. शेवटचा गुण झाला, पोरगा कोर्टवर आडवा झाला, मग उठला आणि कॅमेऱ्याकडे बघून त्याने एक डोळा मिचकावला.

त्या एका क्षणाने त्याचं पुढचं सगळं आयुष्य झाकून टाकलं असं मला वाटत आलंय. कोरियात त्याला कायमचं टोपणनावच पडलं, ‘विंक बॉय’. जाहिराती आल्या, मासिकांची मुखपृष्ठं आली. दक्षिण जोल्ला प्रांतातल्या ह्वासुन या त्याच्या गावी त्याच्या नावाचं क्रीडागृह उभं राहिलं. लहानपणी वजन फार वाढलं म्हणून घरच्यांनी बॅडमिंटनला घातलेला मुलगा! अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण बॅडमिंटन बघणाऱ्या माणसाने तिथेच थांबू नये.

मला त्या सामन्यात आवडतं ते वेगळंच. मिश्र दुहेरीत रिवाजाप्रमाणे ह्यो-जंग जाळीपाशी आणि योंग-दे मागे. तिच्या उंचीमुळे समोरच्यांना फूल (शटल) सपाट मारताच येत नव्हतं, मारलं की ती वरच्यावर टिपायची. मग नाइलाजाने त्यांना उचलून द्यावं लागे आणि मागे योंग-दे तयार. म्हणजे जगाने ज्याचे स्मॅश पाहिले, त्याच्यासाठी ते उंच फूल मिळवून देणारी तीच होती. त्याच स्पर्धेत महिला दुहेरीत तिने ली क्योंग-वॉनबरोबर रौप्यही जिंकलं. आणि मिश्र दुहेरीच्या पहिल्याच फेरीत या दोघांनी चीनच्या झेंग बो आणि गाओ लिंगला घरी पाठवलं होतं. गाओ लिंग म्हणजे सिडनी आणि अथेन्स अशी मिश्र दुहेरीची लागोपाठ दोन सुवर्णं घेतलेली खेळाडू. माझ्या मते पदक त्या दिवशीच अर्धं गळ्यात पडलं होतं.

बुधवार

कालपासून डोक्यात जुंग जे-सुंग आहे.

पुरुष दुहेरीत योंग-देचा जोडीदार जुंग. वयाने सहा वर्षांनी मोठा, उंचीने कमी. दुहेरीत मागून मारणारा माणूस उंच असावा असं सगळेच धरून चालतात, कारण वरून खाली येणारा कोन मिळतो. जुंगला तो कोन उडी मारून मिळवावा लागे. प्रत्येक वेळी. एका रॅलीत पाच-सहा वेळा तो हवेत जायचा, उतरायचा, दोन पावलं मागे सरकायचा आणि पुन्हा हवेत. पुढे योंग-दे जाळीपाशी उभा, रॅकेट वर धरलेली, जुंगच्या स्मॅशवर कसंबसं परत आलेलं फूल मारायला टपलेला. गुण योंग-देच्या रॅकेटवर संपे. टाळ्याही तिथेच पडत.

मिश्र दुहेरीत मागे खेळणारा हा मुलगा पुरुष दुहेरीत पुढे खेळतो, आणि दोन्हीकडे जगात पहिल्या रांगेत असतो. याचं मला आजही नवल वाटतं. पावलं वेगळी, नजर वेगळी, वेळेचा अंदाज वेगळा. आणि बचाव! अंगावर येणारा स्मॅश बॅकहँडने जाळीला घासून परत पाठवण्यात त्याच्या तोडीचा खेळाडू मी पाहिलेला नाही. समोरचा मारून मारून दमायचा आणि मग फूल उचलून द्यायचा. तिथून जुंगचं काम सुरू.

बीजिंगमध्ये खरं तर या जोडीकडे डोळे लागले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी ऑल इंग्लंड ही बॅडमिंटनमधली मानाची स्पर्धा जिंकलेली. आणि ऑलिंपिकला पहिल्याच फेरीत डेन्मार्कच्या लार्स पास्के आणि योनास रासमुसेनकडून हरले. नंतर काही दिवसांतच योंग-दे सुवर्ण जिंकला आणि डोळा मिचकावला. जुंग २५ वर्षांचा होता, त्याच ऑलिंपिकमधून रिकाम्या हाताने परतला. त्या विजयाची छायाचित्रं पाहताना मला तेव्हाही तो आठवला होता, आजही आठवतो.

कोरियात याचा एक व्यावहारिक पदरही आहे. तिथे तरुणांना लष्करी सेवा सक्तीची. ऑलिंपिकचं कुठलंही पदक किंवा आशियाई खेळांचं सुवर्ण मिळालं तर त्यातून सूट मिळते. म्हणजे एखाद्या सामन्यातल्या एकवीस गुणांवर आयुष्याची दोनेक वर्षं टांगलेली असतात. एकाच जोडीतल्या दोघांपैकी एकाचा प्रश्न दुसऱ्याच खेळप्रकारात सुटतो आणि दुसऱ्याचा तसाच राहतो. तरीही हे दोघे पुढची चार वर्षं एकत्र खेळले. मनात काय काय आलं असेल, ते दोघांनाच ठाऊक.

गुरुवार, उशिरा

हैदराबाद, ऑगस्ट २००९. जागतिक स्पर्धा पहिल्यांदाच भारतात. गचीबोवलीच्या स्टेडियमवर अंतिम सामना, समोर चीनचे काई युन आणि फु हाइफेंग. पहिला गेम चीनला २१-१८, दुसरा कोरियाला २१-१६. तिसरा २८-२६.

२० सगळे झाले की दोन गुणांची आघाडी लागते, आणि तीसला हिशेब संपतो. २९-२९ झाले तर एकच गुण सगळं ठरवतो. त्या टोकाच्या दोन पायऱ्या अलीकडे सामना संपला आणि जागतिक विजेतेपद चीनकडे गेलं. त्याआधी २००७ मध्ये क्वालालंपूरलाही अंतिम फेरीत हरलेलेच, इंडोनेशियाच्या मार्किस किडो आणि हेन्द्रा सेतियावानकडून.

आपल्याकडे त्या स्पर्धेची आठवण निघते ती सायना नेहवाल उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली यासाठी, आणि सुरक्षेचं कारण देऊन इंग्लंडचा संघ निघून गेला यासाठी. पण भारतातल्या कोर्टांवर झालेल्या सर्वोत्तम दुहेरी सामन्यांत मी तो तिसरा गेम सर्वांत वर ठेवीन.

मग २०१२. मार्चमध्ये बर्मिंगहॅमला ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत हेच काई-फु समोर आले. पहिला गेम गमावून पुढचे दोन जुंग आणि लीने घेतले. त्या सामन्यात जुंग जसा खेळला तसा क्वचितच कोणी खेळला असेल. लंडन ऑलिंपिक सुवर्णासाठीच आहे असं वाटू लागलं होतं. तिथे उपांत्य फेरीत डेन्मार्कच्या माथियास बो आणि कार्स्टन मोगेनसेनकडून हार. १७-२१, २१-१८, २२-२०. पुन्हा तिसरा गेम, पुन्हा विसाच्या पुढे गेलेला. दुसऱ्या दिवशी मलेशियाच्या कू किएन कीट आणि तान बून हेऑंगला हरवून कांस्य मिळालं. महिला दुहेरीत मुद्दाम हरण्याच्या प्रकरणात कोरियाच्या दोन जोड्या स्पर्धेबाहेर काढल्या गेल्या होत्या, सगळ्या चमूवर नामुष्कीची छाया होती. त्या ऑलिंपिकमध्ये कोरियाला बॅडमिंटनचं एवढं एकच पदक मिळालं. जुंगसाठी ती आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची अखेर ठरली.

याच माथियास बोने पुढे सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीला शिकवलं. चिराग जाळीपाशी जे करतो, सर्व्हिसनंतरच्या पहिल्या तीन फटक्यांत सामना ज्या तऱ्हेने आपल्याकडे ओढतो, ते बघताना मला ती सगळी पिढी दिसते. लंडनच्या त्या दोन गुणांनी बोला जे शिकवलं असेल, त्यातलं काही तरी नक्कीच आपल्याकडे आलं असणार.

शुक्रवार

आज थोडकंच.

२०१४ च्या जानेवारीत योंग-दे आणि कोरियाचाच दुहेरी खेळाडू किम गी-जंग यांच्यावर एक वर्षाची बंदी आली. दोघांनी काही घेतलं नव्हतं. उत्तेजक चाचणीसाठी खेळाडू कुठे आहे ते कळवावं लागतं, ती माहिती राष्ट्रीय संघटनेकडून नीट गेलीच नव्हती, आणि चाचणी घेणारे चुकीच्या जागी पोहोचत राहिले. एप्रिलमध्ये बंदी मागे घेतली गेली, दंड संघटनेला झाला. पंचविशीतल्या खेळाडूचे तीन महिने मात्र गेले, नावाला डाग लागला तो वेगळाच. मला अजून त्याचा राग येतो.

त्याचं उत्तर त्याने जूनमध्ये दिलं. यू योन-सुंगबरोबर जपान, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, लागोपाठ तीन आठवड्यांत तीन स्पर्धा जिंकल्या. ऑगस्टमध्ये ही जोडी क्रमवारीत पहिली झाली आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिली.

आणि तरीही त्याच ऑगस्टमध्ये कोपनहेगनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत हार. समोर आपलेच देशबांधव, को सुंग-ह्युन आणि शिन बेक-चोल. को म्हणजे वर्षभरापूर्वीपर्यंत योंग-देचाच जोडीदार! २२-२०, २१-२३, २१-१८. तीन रौप्यं, जागतिक विजेतेपद एकही नाही. रिओलाही उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या गोह व्ही शेम आणि तान वी किओंगकडून तिसऱ्या गेममध्ये २१-१९ ने बाहेर. काही आठवड्यांनी कोरिया ओपन जिंकून त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला, तेव्हा तो जेमतेम २८ चा होता.

नंतर तो प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये मुंबई रॉकेट्सकडून खेळायला आला. आपल्या शहराच्या नावाची जर्सी घालून हा माणूस कोर्टवर उतरला याचा मला जो आनंद झाला तो घरात कोणालाच नीट समजावता आला नाही. २०२० मध्ये किम गी-जंगबरोबर त्याने मलेशिया मास्टर्स जिंकली, तेव्हा वय ३१.

शनिवार

जुंग ९ मार्च २०१८ ला गेला. वय ३५. खेळ सोडल्यावर तो प्रशिक्षक झाला होता. घरीच हृदय थांबलं.

सकाळी हॉलवर माझ्या जोडीदाराशी हेच बोलत होतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला खेळायची परवानगी नाही, पण बाकावर बसायला येतो. तो म्हणाला, “मागे खेळणाऱ्याचं दुखणं मागेच राहतं रे.” तोही आयुष्यभर मागेच खेळला. मी पुढे. त्याच्या त्या वाक्यानंतर माझं खेळण्यात लक्ष लागलं नाही.

म्हणून एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. योंग-देला सर्वकाळच्या श्रेष्ठ दुहेरी खेळाडूंत धरायचं तर त्याच्या नावापुढे पदकांची यादी पुरत नाही, माणसांची यादी लागते. ह्यो-जंग, जुंग, को, यू, गी-जंग. प्रत्येकाबरोबर तो निराळा खेळाडू होता. आणि त्यातलं पहिलं नाव मी जुंगचं घेईन. इतरांबरोबर त्याने जास्त स्पर्धा जिंकल्या असतील, पण जाळीपाशी कसं खेळायचं ते तो शिकला जुंगच्या पुढे उभा राहून.

कोरियाची सगळी परंपराच अशी एकमेकांत गुंतलेली आहे. १९९२ मध्ये बार्सिलोनाला बॅडमिंटनची पदकं पहिल्यांदा दिली गेली, तेव्हा पुरुष दुहेरीचं सुवर्ण पार्क जू-बोंग आणि किम मून-सूने घेतलं. १९९६ ला अटलांटात मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीत किम डोंग-मून आणि गिल यंग-आ यांनी याच पार्कला आणि रा क्युंग-मिनला हरवलं. पुढे किम डोंग-मून खेळू लागला त्या रा क्युंग-मिनबरोबर. १९९९ आणि २००३ ला दोघे विश्वविजेते झाले. सिडनी आणि अथेन्स दोन्ही ठिकाणी मात्र उपांत्यपूर्व फेरीतच संपलं. नंतर त्यांनी लग्न केलं.

आणि गिल यंग-आचा मुलगा किम वॉन-हो. हांगझोच्या आशियाई खेळांत सात्त्विक-चिराग सुवर्ण जिंकले तेव्हा समोर चोई सोल-ग्यू आणि हाच किम वॉन-हो होता, २१-१८, २१-१६. चिरागसाठी मी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. पुढच्याच वर्षी पॅरिसला किम वॉन-हो जंग ना-उनबरोबर मिश्र दुहेरीचं रौप्य घेऊन गेला. २०२५ मध्ये सिओ सेउंग-जेशी त्याची जुनी जोडी पुन्हा जुळली. मार्चमध्ये ऑल इंग्लंड, ऑगस्टअखेर पॅरिसमध्ये जागतिक विजेतेपद. योंग-दे आणि जुंगला जे कधीच मिळालं नाही ते या दोघांना पहिल्याच वर्षी मिळालं. सिओ डावखुरा, त्यामुळे तो उजव्या बाजूला असला की दोघांचेही फोरहँड कोर्टच्या मधोमध येतात आणि मधलं फूल कोणी घ्यायचं हा प्रश्न त्यांनी कसा सोडवलाय ते पाहण्यासारखं आहे.

दुपारी हॉलवरच्या पोरांना मोबाइलवर २०१२ ची ऑल इंग्लंड फायनल दाखवली. सांगितलं, फुलाकडे बघू नका, मागच्या माणसाच्या पायांकडे बघा. एकाने तिसरा गेम पुन्हा लावायला सांगितला. पुढच्या शनिवारी हैदराबादचा दाखवतो म्हटलंय.