जुने इंजिन वेल्डिंग मशीन घेताना आधी जनरेटर तपासावा

शेतावरचे लोखंडकाम बहुधा विजेच्या तारेपासून दूरच निघते. कुंपणाचा कोपऱ्यातला खांब, फाटकाची बिजागरी, गुरांच्या हौदाची चौकट, चढावर तुटलेला ट्रेलरचा हुक या गोष्टी घराजवळ उचलून आणता येत नाहीत. इंजिनाने जनरेटर फिरवून वेल्डिंगचा करंट तयार करणारे मशीनच तिथवर न्यावे लागते. नव्या मशीनची किंमत पाहिली की मन जुन्याकडे वळते आणि ते योग्यच आहे, कारण चांगल्या बांधणीचे इंजिन वेल्डिंग मशीन नीट सांभाळले तर एका मालकानंतर दुसऱ्याकडेही तितकेच काम करते. मात्र बहुतेक जण इंजिन कसे वाजते यावर सौदा ठरवतात. माझ्या मते तपासणीचा क्रम याच्या उलट हवा.

या मशीनवरचे इंजिन सहसा पंपांवर आणि साध्या जनरेटरांवरही बसणारे असते. त्याच्या रिंगा, गॅस्केट, नोझल, फिल्टर मिळतात आणि ते उघडून बसवणारा मेकॅनिकही सापडतो. वेल्डिंगचा करंट तयार करणारा भाग मात्र त्या एका मॉडेलपुरता बनवलेला असतो. त्याचे वाइंडिंग (तारांची गुंडाळी) जळले असेल किंवा कंट्रोल बोर्ड गेला असून कंपनीने तो बनवणे थांबवले असेल, तर सुरेख चालणारे इंजिनही व्यर्थ ठरते. म्हणूनच घरगुती आणि शेतीच्या कामासाठी मला कमी इलेक्ट्रॉनिक्स असलेली मशीन अधिक भरवशाची वाटतात.

त्याआधी आपली गरज नेमकी ठरवावी. काम जर वायर पोहोचेल इतक्याच अंतरात असेल, तर विजेवरचे छोटे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन पुरते आणि इंजिनाच्या देखभालीचा व्याप टळतो. खरोखरच दूरचे काम असेल तर करंट किती लागेल ते पाहावे. ३.१५ मिमीच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर आणि ४ मिमीच्या रॉडला १४० ते १८० अँपिअर लागतात, म्हणजे शेतीच्या बहुतेक कामाला २०० अँपिअरचे मशीन पुरेसे होते. पण पाटीवरचा नुसता अँपिअरचा आकडा न वाचता त्याच्या शेजारची ड्यूटी सायकलही वाचावी. २०० अँपिअरला ६० टक्के याचा अर्थ दर १० मिनिटांत ६ मिनिटे वेल्डिंग आणि ४ मिनिटे विश्रांती. तेच मशीन न थांबता चालवायचे तर हिशेबाने सुमारे १५५ अँपिअरच हाती उरतात. एसी की डीसी हा प्रश्न असेल तर डीसी घ्यावे. आर्क (रॉड आणि लोखंड यांमधली ठिणगीची ज्योत) स्थिर राहतो, शिंतोडे कमी उडतात, आणि खांबावरचे उभे किंवा डोक्यावरचे काम सोपे जाते. रॉडच्या प्रकारांपैकी ७०१८ डीसीवर फार छान चालतो, ६०१० ला तर डीसीच लागतो. पुढे वायर फीडर (रॉडऐवजी वेल्डिंगची तार सतत पुढे सरकवणारे यंत्र) जोडायचा विचार असेल तर मशीन सीसीबरोबर (स्थिर करंट) सीव्हीही (स्थिर व्होल्टेज) देते का ते आताच विचारावे, कारण रॉडच्या कामाला स्थिर करंट लागतो तर वायरच्या कामाला स्थिर व्होल्टेज.

आता जनरेटर. इंजिन बंद ठेवून त्याचे झाकण उघडावे. कॉम्युटेटरवर (ज्यावर कार्बन ब्रश टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या फिरत्या कड्यावर) तपकिरी, एकसारखी झाक असेल तर ते चांगले लक्षण आहे. काळे जळके पट्टे, खोल चरे किंवा वर आलेल्या पट्ट्या दिसल्या तर तो लेथवर चढवावा लागेल, आणि मागे वाइंडिंगमध्ये दोष असण्याचीही शक्यता आहे. कार्बन ब्रश झिजलेले असणे ही किरकोळ बाब आहे, पण ते होल्डरमध्ये मोकळेपणाने सरकले पाहिजेत. उंदरांची घरटी, कुरतडलेल्या वायरी, जळक्या वार्निशचा वास हे सारे पाहावे. मशीन वर्षानुवर्षे उघड्यावर उभे असेल तर मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासून घ्यावे. एक मेगओहमपेक्षा कमी आकडा आला तर व्यवहार थांबवावा किंवा वाइंडिंग वाळवून पुन्हा मोजावे. या चाचणीपूर्वी डायोड आणि बोर्ड सुटे करणे आवश्यक आहे, नाहीतर चाचणीच त्यांना मारते. एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी नाही. फार काळ बंद राहिलेल्या मशीनमधील उरलेले चुंबकत्व कधी कधी जाते आणि मग ते मुळीच करंट देत नाही. जाणकार इलेक्ट्रिशियन बॅटरीने फील्डला (चुंबकत्व तयार करणाऱ्या वाइंडिंगला) क्षणभर करंट देऊन ते परत आणतो. असे ‘मेलेले’ मशीन स्वस्तात मिळते, पण दोष तेवढाच आहे याची खात्री देणारा माणूस सोबत हवा.

खरी परीक्षा भाराखाली होते. हेल्मेट, हातमोजे, जाड लोखंडाचा तुकडा आणि कोरडे ४ मिमीचे रॉड स्वतःच न्यावेत. करंट वरच्या टोकाकडे ठेवून एकापाठोपाठ एक रॉड जाळावेत आणि डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष करंट पाहावा. रॉड टेकताच इंजिनाचा वेग किंचित खाली येऊन लगेच सावरला पाहिजे. तो खालीच राहिला तर गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग), इंधनाचा पुरवठा किंवा कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी कमी आहे. इंजिनाचा वेग टिकूनही मशीन गरम झाल्यावर करंट बराच घसरू लागला तर दोष बहुधा जनरेटरच्या बाजूचा समजावा. विकणारा ही चाचणी करू देत नसेल तर मी तिथेच नमस्कार करून परत फिरेन.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगावे. आपण पोहोचण्याआधीच ते गरम असेल तर का, ते विचारावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. डिझेल इंजिनाने थंडीत क्षणभर पांढरा धूर सोडणे चालते, तो टिकून राहिला तर चालत नाही. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसले तर त्यात पाणी शिरलेले आहे. वेगही महत्त्वाचा आहे: ५० हर्ट्झच्या मशीनमध्ये १५०० आरपीएमचे इंजिन ३००० आरपीएमच्या इंजिनापेक्षा शांत चालते आणि साधारणपणे अधिक टिकते, मात्र ते जड असते. हवर मीटर (चाललेले तास दाखवणारा मीटर) बदलता येतो, म्हणून त्यापेक्षा बटणे आणि टर्मिनल यांच्या झिजेवर अधिक विश्वास ठेवावा.

ग्राइंडर किंवा पंप चालवण्याच्या सॉकेटबाबत एक सावधगिरी सांगायलाच हवी. काही जुन्या मशीनमध्ये हे सॉकेट डीसी देते. पाइपलाइनच्या कामात नावाजलेले लिंकन एसए-२०० हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. वेल्डरांना त्याचा आर्क अतिशय आवडतो, पण त्याच्या ११५ व्होल्ट डीसी सॉकेटवर ब्रश असलेला ग्राइंडरच चालेल, आणि तोही त्याच्या स्विचला डीसी तोडता येत असेल तरच. पंपाची इंडक्शन मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर त्यावर लावला तर जळेल. सॉकेट एसी देत असेल तर व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी रिकाम्या मशीनवर आणि भार लावून अशी दोनदा मोजावी. घराला वीज देण्याचा विचार असेल तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) बसवल्याशिवाय ते करू नये, कारण मागे गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. आणि बंद शेडमध्ये हे मशीन चालवणे म्हणजे स्वतःला कार्बन मोनॉक्साइडच्या हवाली करणे होय. दार उघडे ठेवल्यानेही तो धोका टळत नाही.

सौद्याच्या वेळी बॅटरी, टायर, गंजलेली टाकी, जुन्या पेट्रोलने चिकटलेला कार्बोरेटर आणि सायलेन्सर या गोष्टी किंमत कमी करण्यासाठी मांडाव्यात. त्या दुरुस्त होतात. केबलचा हिशेब वेगळा करावा, कारण लांबवर २०० अँपिअर न्यायला ५० चौरस मिमीच्या तांब्याच्या केबल लागतात आणि त्या महाग असतात. जुन्या केबल आतून तुटलेल्या असतील तर हात फिरवताना एखादी जागा अधिक गरम लागते. पाटीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर मात्र पैसे देण्याआधीच लिहून घ्यावा आणि त्या नंबरचे ब्रश, डायोड आणि बोर्ड आज मिळतात का, हे पार्ट विकणाऱ्याला विचारूनच शेवटचा आकडा सांगावा.