दोन मॉडेल्स, एक दांडी : होडीची पिछाडी ठरवताना आलेला माझा अनुभव

6.4 मीटर लांबीच्या होडीचे दोन आराखडे तयार होते, पण पिछाडीवर घोडं अडलं होतं. एकीची पिछाडी रुंद, सपाट आणि थोडी पाण्यात बुडणारी. दुसरीची नाळेसारखीच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकासारखीच, निमुळती. कॉम्प्युटरवर दोघींचे आकडे इतके जवळजवळ येत होते की त्यांच्या भरवशावर प्लायवूडला करवत लावायची हिंमत होईना. शेवटी दोन्हींची 1:8 मापाची, म्हणजे 80 सेंटिमीटरची मॉडेल्स करायला घेतली.

बांधणीत फार सांगण्यासारखं नाही. दाट फोमचे थर चिकटवले, प्लायच्या टेम्प्लेटवरून तारेने कापले, मग एपॉक्सी, पुट्टी आणि कंटाळा येईस्तोवर पॉलिश पेपर. खरी कसोटी वजनाची. लांबी आठपट कमी झाली की वजन 8×8×8, म्हणजे 512 पट कमी होतं. माझी होडी सामानासकट 1024 किलोची, म्हणून मॉडेल 2 किलोचं हवं. पण होडी समुद्रात चालणार आणि चाचणी गोड्या पाण्यात. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड, तेव्हा पाण्याची रेषा तीच राहायला मॉडेल, आत शिसं ठेवून, 1.95 किलोवर आणावं लागतं. इथे 100 ग्रॅम इकडेतिकडे झाले की खऱ्या होडीत 51 किलोंचा फरक पडतो. रंगाचा दुसरा हात मी दिलाच नाही, तो याच धास्तीने.

वेगाचा हिशेब मात्र वेगळा चालतो. विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याने 1867 मध्ये इंग्लंडमधल्या डार्ट नदीत ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ नावाची वेगवेगळ्या घाटाची मॉडेल्स ओढून पाहिली आणि पुढे 1872 मध्ये टॉर्की इथे चाचणीचा हौद उभारला. त्याचा नियम असा : वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्या, म्हणजे लाटांचा नमुना तोच उठतो. 8 चं वर्गमूळ 2.83. खऱ्या होडीचे 5 नॉट (ताशी 5 सागरी मैल) मॉडेलसाठी सेकंदाला 0.91 मीटर झाले, रमतगमत फिरायला निघालेल्या माणसाची चाल. त्यामुळे मोटर, रेल्वे, गाडा असलं काही लागलं नाही. पहाटेच्या शांत पोहण्याच्या तलावाच्या कडेने लांब काठी धरून चालायचं, दर 10 मीटरवर खडूची खूण आणि पावलांना ताल द्यायला फोनवरचा मेट्रोनोम.

गोची आहे ती घर्षणाची. लाटांचा हिशेब वर्गमुळाने जुळतो, पण पाण्याचा चिकटपणा काही आठपट कमी होत नाही. छोट्या हलवर (होडीच्या बाहेरच्या अंगावर) पाण्याचा पातळ थर बराच लांबपर्यंत गुळगुळीत वाहतो, मोठ्या होडीवर तो नाळेपासूनच खवळतो. यावरचा जुना उपाय म्हणजे नाळेपासून लांबीच्या 5 टक्क्यांवर, माझ्या मॉडेलवर 4 सेंटिमीटरवर, वाळूचे कण चिकटवलेली अरुंद पट्टी. ती दिसते ओबडधोबड, पण प्रवाह तिथेच खवळतो आणि दोन्ही मॉडेल्स निदान सारख्या पाण्यात पळतात. एवढं करूनही घर्षणाचा आकडा थेट 512 ने गुणता येत नाहीच. म्हणून मी मॉडेलला ‘ओढ (पाण्याचा विरोध) किती?’ हा प्रश्न विचारलाच नाही. विचारलं फक्त, ‘दोघींत जास्त कोणाची?’

त्याला तराजू पुरतो. काठीच्या टोकाला आडवी दांडी खिळीवर फिरती बसवली आणि दांडीच्या दोन टोकांना एकेक मॉडेल, एकमेकींच्या लाटा लागणार नाहीत इतक्या अंतरावर. दोरी पाण्याच्या रेषेजवळच बांधायची. उंच बांधली तर ओढीने नाळ खाली दबते. चालताना जी मागे पडते तिचा विरोध जास्त. मग खिळी तिच्या बाजूला सरकवत जायचं, दांडी सरळ राहीपर्यंत. दोन बाजूंच्या लांबीचं उलट गुणोत्तर म्हणजेच विरोधाचं गुणोत्तर. फेरी झाली की पाणी आरशासारखं होईपर्यंत थांबायचं. हे थांबणंच सगळ्यात जड जातं, आणि घाई केली तर मागच्या फेरीच्या लाटा तुमच्या मापात घुसतात.

हळू वेगाला निमुळती पिछाडी सरळ सरळ पुढे. रुंद पिछाडीमागे पाणी भोवरे घेत तिच्याबरोबर ओढलं जात होतं, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. 5 नॉटच्या जवळपास दांडी दोघींना सारखीच मोजू लागली. 6 च्या पुढे चित्र पालटलं. तिथे लाटेची लांबी 80 सेंटिमीटर होते, म्हणजे एक माथा नाळेशी आणि दुसरा थेट पिछाडीशी. निमुळती मागून खाली बसली, नाक वर. रुंद पिछाडीखालचं पाणी मात्र कडेवरून स्वच्छ तुटून निघालं.

माझा नेहमीचा वेग साडेचार-पाच नॉट. 6 च्या पुढे मी क्वचितच जाणार, पण भरती उलटली तर जावं लागेल. म्हणून रुंद मॉडेलचीच पिछाडी करवतीने उडवली आणि फोमचा नवा तुकडा लावला : रुंदी थोडी कमी, खालची कड होडी थांबलेली असताना पाण्याला जेमतेम टेकणारी. पुट्टी वाढली तेवढं शिसं काढलं. दांडीवर निमुळतीसमोर उभी केली तेव्हा हळू वेगातला तोटा बराचसा गेला आणि वरच्या वेगाला बूड खाली बसलं नाही.

जाता जाता डोलणंही तपासलं. मॉडेलचा काठ दाबून सोडायचा, दहा डोल मोजायचे, एका डोलाची वेळ काढून 2.83 ने गुणायची. यात शिसं कुठे ठेवलंय यावर सगळं अवलंबून. मध्यावर गोळा केलं तर मॉडेल झटके देतं, काठांकडे पसरलं तर सुस्तावतं. त्यामुळे आधी बॅटरी, टाकी, माणसं यांच्या जागा कागदावर पक्क्या केल्या आणि शिसं त्याप्रमाणे वाटलं.

आता पूर्ण मापाच्या चौकटी आखायला घेतल्या आहेत. इंजिनाची ताकद मात्र तलावातून काढलेली नाही. ती 1957 पासून जगभरच्या चाचणी-हौदांत वापरल्या जाणाऱ्या घर्षणाच्या सूत्राने काढली आणि वर वारा, लाटा नि हलवर चढणाऱ्या शेवाळासाठी सढळ हाताने भर घातली.